स्टुडंट रेसकार बनवताय? आधी ठरवा, पेट्रोलचा पाइप कोणाच्या नावावर आहे

विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेतल्या एन्ड्युरन्सचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीचे, ११ किलोमीटर झाले, पहिला ड्रायव्हर आत आला, इंजिन बंद केलं, उतरला, दुसरा बसला, बेल्ट आवळले, स्टार्टर दाबला आणि इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटेना. परत दाबला, परत तेच. ड्रायव्हर बदलायला तीन मिनिटं मिळतात, त्या वेळात गाडी दुरुस्त करायला हात लावता येत नाही, आम्ही सगळे बाजूला उभे राहून नुसतं बघत होतो. मग गाडी ढकलत बाहेर आणली. पाऊण तासाने गार झाल्यावर तीच गाडी एका फटक्यात सुरू झाली, तेव्हा तर रडूच आलं.

कारण नंतर सापडलं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून जेमतेम दोन बोटं लांब होता. गाडी पळत असते तेव्हा पाइपातलं पेट्रोल वाहतं असतं, वारा लागतो, चालून जातं. इंजिन बंद केलं की ती सगळी धग तिथेच कोंडते, पेट्रोलची वाफ होते आणि मग पंप वाफच ढकलत बसतो. फ्युएलवाला म्हणाला, मी पाइप टाकला तेव्हा तिथे एक्झॉस्ट नव्हताच. एक्झॉस्टवाला म्हणाला, पाइप कुठून जाणार ते मला कोणी सांगितलं होतं का. दोघंही खरंच बोलत होते.

मी तीन सीझन टीममध्ये होतो, त्यात जेवढ्या वेळा गाडी बंद पडली त्यातल्या बहुतेक वेळा भाग तुटला म्हणून पडली नाही, दोन भागांच्या मधलं काहीतरी कोणाच्याच नावावर नव्हतं म्हणून पडली. म्हणून हे नवीन टीमवाल्यांसाठी लिहून ठेवतोय. सस्पेन्शन जिऑमेट्री कशी काढायची, एअरो (गाडीवरून वाहणाऱ्या हवेचं काम) कसं करायचं यावर ढीगभर मटेरियल आहे, ते इथे मिळणार नाही.

आधी मार्कांचा हिशोब

ज्यांना फॉरमॅट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. फॉर्म्युला एसएई अमेरिकेत १९८१ पासून चालू आहे, त्याच धर्तीवर फॉर्म्युला स्टुडंट नावाने बाकी देशांत स्पर्धा होतात, जर्मनीतली २००६ पासून हॉकेनहाइमला भरते. एक सीट, उघडी चाकं, डिझाइन आणि बनवणं विद्यार्थ्यांचं. एकूण १००० मार्क. फॉर्म्युला एसएईमध्ये डिझाइन १५०, कॉस्ट १००, प्रेझेंटेशन ७५, हे झालं स्टॅटिक, म्हणजे गाडी न पळवता मिळणारे मार्क. मग ॲक्सिलरेशन १००, स्किडपॅड (गोलात वळणं) ७५, ऑटोक्रॉस (एका फेरीची वेळ) १२५, एन्ड्युरन्स २७५ आणि एफिशियन्सी (इंधन किती कमी लागलं) १००. बाकी ठिकाणी आकडे थोडे इकडेतिकडे होतात पण कल तोच.

आता यात बघा, एफिशियन्सीचे मार्क एन्ड्युरन्स पूर्ण केली तरच मिळतात. म्हणजे जवळपास ३७५ मार्क एकाच गोष्टीवर टांगलेत, की गाडी साधारण २२ किलोमीटर, मधला तो ड्रायव्हर बदल सोडला तर न थांबता, पूर्ण धावते का. ॲक्सिलरेशनमध्ये ७५ मीटरला ०.१ सेकंद कमी करायला तुम्ही तीन महिने घालवता आणि इथे ३७५ मार्क एका पाइपात वाफ होऊन जातात. हा हिशोब भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, गंमत नाही, खरंच लावा, कारण जानेवारीत कोणीतरी कार्बन फायबरची नवीन आयडिया घेऊन येणारच आहे आणि तेव्हा भांडण्यापेक्षा भिंतीकडे बोट दाखवणं सोपं पडतं.

अजून एक, एन्ड्युरन्सचा ट्रॅक असा आखतात की सरासरी स्पीड ताशी ४८ ते ५७ किलोमीटरच राहावा आणि टॉप स्पीड १०५ च्या आसपास. त्यामुळे १६० ला जाणारी गाडी बनवलीत तर ते गिअर नुसते ओझं म्हणून फिरणार. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ठरवताना हा आकडा समोर ठेवा. हेअरपिनचा, म्हणजे एकदम घट्ट वळणाचा, बाहेरचा व्यास ९ मीटरपर्यंत लहान असू शकतो, म्हणजे स्टिअरिंग तेवढं वळलं पाहिजे, आणि तेवढं वळल्यावर टायर ए-आर्मला (चाक चॅसिसला जोडणाऱ्या दांड्याला) घासत नाही ना हे कॅडमध्ये, म्हणजे कम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये नाही, गाडी जमिनीवर उभी करून, चाक हाताने फिरवून बघा.

तारीख उलटी मोजा

स्पर्धेची तारीख लिहा. तिथून दोन महिने मागे या, त्या दिवशी गाडी स्वतःच्या इंजिनावर पहिल्यांदा चालली पाहिजे. तिथून अजून तीन आठवडे मागे, त्या दिवशी ती चाकांवर उभी पाहिजे, बॉडी नसेल, रंग नसेल, चालेल, पण चाकं, स्टिअरिंग आणि ब्रेक लागलेले हवेत. आणि डिझाइन फ्रीझ त्याच्याही आधी, चॅसिसची पहिली ट्यूब कापायच्या आधी. फ्रीझ म्हणजे फ्रीझ, नंतर बदल करायचा तर जो बदल मागतो त्याने लेखी द्यायचं की यामुळे दुसऱ्या कोणाकोणाचं काम बदलतंय. हा नियम आम्ही तिसऱ्या वर्षी केला आणि निम्मे बदल आपोआप गायब झाले, कारण लोकांना ते लिहायचाच कंटाळा.

सगळ्यांना वाटतं आपण वेळेत करू. कोणीच करत नाही. म्हणून आधीच ठरवून ठेवा की उशीर झाला तर काय टाकून द्यायचं. आमच्याकडे यादी होती, पहिल्यांदा जाणार विंग, मग पॅडल शिफ्टर, मग अँटीरोल बार. टेस्टिंग या यादीत कधीच नसायचं. पहिल्या वर्षाच्या टीमने तर विंगचा विचारच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे.

मोठ्या टीम बघून गडबडून जाऊ नका. २०२३ मध्ये झुरिकच्या विद्यार्थ्यांच्या इलेक्ट्रिक गाडीने ० ते १०० फक्त ०.९५६ सेकंदात गाठलं, तो तेव्हा इलेक्ट्रिक गाड्यांचा जागतिक विक्रम ठरला, गाडी साधारण १४० किलोची आणि खालून हवा ओढून जमिनीला चिकटवणारा पंखा लावलेला. भारीच आहे. पण त्यांच्यामागे कित्येक वर्षांच्या गाड्या आणि त्या प्रत्येक गाडीचा डेटा आहे. तुमच्याकडे सीनियर गेल्यावर एक हार्ड डिस्क राहते जिच्यात "फायनल", "फायनल २" आणि "फायनल खरंच" अशा तीन असेंब्ली असतात.

नियमपुस्तिका कोणीतरी खरंच वाचा

सगळे म्हणतात वाचली. एक माणूस नेमा ज्याचं कामच ते, आणि प्रत्येक सबसिस्टिमने आपल्या भागाचा नियम नंबरसकट लिहून त्याच्यासमोर आपला भाग दाखवायचा. काही आकडे डिझाइनच्या पहिल्या दिवसापासून तोंडपाठ हवेत. व्हीलबेस किमान १५२५ मिलिमीटर. पेट्रोल गाडीला सगळी हवा २० मिलिमीटरच्या गोल रिस्ट्रिक्टरमधूनच आत गेली पाहिजे, आणि टर्बो वगैरे नसेल तर क्रम आधी थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. स्टिअरिंग व्हीलला मोकळी हालचाल ७ अंशांपेक्षा जास्त नको. ड्रायव्हर पूर्ण सूट घालून ५ सेकंदांत बाहेर आला पाहिजे. ब्रेक पेडलने २००० न्यूटन सहन करायला हवं. नाकातला इम्पॅक्ट अटेन्युएटर (टक्कर झेलणारा भाग) ३०० किलोची गाडी ७ मीटर प्रतिसेकंदाने आदळली असं धरून तपासतात, म्हणजे ७३५० ज्यूल ऊर्जा खाल्ली पाहिजे आणि सरासरी डिसेलरेशन २० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २० पटीच्या) वर जायला नको. इलेक्ट्रिक असेल तर ६०० व्होल्ट आणि ८० किलोवॉटची मर्यादा. हे सगळं दर वर्षी थोडं बदलू शकतं, म्हणून ज्या स्पर्धेला जाताय तिथली त्याच वर्षाची पुस्तिका घ्या, सीनियरने पाठवलेली जुनी नको, आमच्याकडे एकाने आख्खं सीट बेल्टचं माउंटिंग जुन्या पुस्तिकेवरून बनवलं होतं.

रिस्ट्रिक्टरबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथे लोक उगाच डोकं फोडतात. २० मिलिमीटरच्या भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की त्यापुढे कितीही जोर लावा, हवा वाढत नाही, समुद्रसपाटीच्या दाबाला सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम, बस. हे गणित आहे, यात कोणाची चालाखी चालत नाही. म्हणजे वरच्या आरपीएमला सगळ्यांची ताकद एकाच छताला डोकं आपटते. मग उगाच वर ताकद शोधण्यापेक्षा खालच्या आणि मधल्या आरपीएमला टॉर्क गुळगुळीत मिळेल असं बघा, डिफ्युझर (रिस्ट्रिक्टरच्या पुढचा रुंद होत जाणारा भाग) हळूहळू उघडणारा ठेवा, प्लेनमचे (त्यापुढच्या हवेच्या डब्याचे) जोड फुग्यासारखे हवाबंद ठेवा. टेकवाले, म्हणजे स्पर्धेत गाडी तपासणारे, रिस्ट्रिक्टर झाकून इंजिन बंद पडतंय का बघतात, कुठूनही हवा आत येत असेल तर तिथेच पकडले जाल.

तो एक कागद

आता मुद्द्यावर येतो. टीम साधारण अशी वाटलेली असते, चॅसिस, सस्पेन्शन, ब्रेक, इंजिन, ड्राइव्हट्रेन, इलेक्ट्रिकल, बॉडी. प्रत्येकजण आपलं काम जीव लावून करतो. आणि मग रेडिएटरचा ब्रॅकेट कोणाचा? कूलिंगवाला म्हणतो चॅसिसचा, चॅसिसवाला म्हणतो कूलिंगचा, शेवटी स्पर्धेच्या आठ दिवस आधी कोणीतरी पत्र्याची पट्टी वाकवून वेल्ड करतो आणि तीच पट्टी चौथ्या राउंडला तुटते.

तर एक कागद करायचा. आडव्या आणि उभ्या दोन्हीकडे सगळ्या सबसिस्टिम, आणि जिथे दोन एकमेकांना भेटतात त्या चौकोनात लिहायचं की इथे काय काय आहे आणि एक नाव. एकच नाव. "इंजिन आणि चॅसिस" असं नाही, माणसाचं नाव. इंधन आणि एक्झॉस्ट या चौकोनात लिहायचं, पाइप किती लांब ठेवायचा, मध्ये हीट शिल्ड कोण लावणार. ब्रेक आणि सस्पेन्शनच्या चौकोनात, चाक पूर्ण वर-खाली आणि पूर्ण वळलेलं असताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते कोण बघणार. इलेक्ट्रिकल आणि प्रत्येकजण, हा सगळ्यात भरलेला रकाना. दर आठवड्याला मीटिंगमध्ये फक्त हा कागद वाचायचा, कोणाचं काम किती टक्के झालं ते ऐकण्यात काही अर्थ नसतो, सगळ्यांचं कायम ऐंशी टक्केच झालेलं असतं.

इंजिनचं एक उदाहरण देतो म्हणजे कळेल हे चौकोन किती खोल जातात. आपण मोटरसायकलचं इंजिन घेतो. मोटरसायकल वळणावर झुकते, म्हणून सम्पमधलं (इंजिनच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल तळाशीच राहतं. तेच इंजिन गाडीत बसवलं की गाडी झुकत नाही, ऑइल एका बाजूला चढतं, पिकअप (पंपाचं ऑइल ओढायचं तोंड) उघडा पडतो, पंप हवा ओढतो, दोन सेकंद प्रेशर जातं आणि बेअरिंगचा निकाल. इंजिनवाल्याला हे माहीत असतं पण गाडी किती जीने वळणार हे सस्पेन्शनवाल्याला माहीत असतं, आणि दोघं बोलले नाहीत तर सम्पमध्ये आडवे पत्रे घालायचे राहून जातात. ऑइल प्रेशरचा सेन्सर लावा, ते लॉग करा, आणि स्किडपॅडच्या गोलावर दोन्ही दिशांनी फिरून प्रेशरची रेघ बघा, एकाच दिशेला पडत असेल तर कारण तुमच्यासमोरच आहे.

सिंगल सिलिंडर घ्यायचं की ६०० सीसी चार सिलिंडर यावर मी काही बोलणार नाही. फक्त सिंगल हलकं असतं म्हणून घेतलंत तर त्याची थरथर प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक कनेक्टर खातो हे धरून चाला.

वेल्डिंग, बोल्ट आणि पान्याला जागा

वेल्ड गार होताना ट्यूबला ओढते. तुम्ही जिगवर (ट्यूब जागेवर धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर) सगळं मापात लावलं आणि एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलात तर जिगमधून काढल्यावर चॅसिस केळ्यासारखी वाकलेली निघते. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून, मध्ये गार होऊ द्यायचं. ट्यूबचं तोंड माशाच्या तोंडासारखं नीट घासून बसवा, फट राहिली की वेल्डर ती भरतो आणि जेवढं जास्त भरतो तेवढं जास्त ओढतं. सस्पेन्शनचे टॅब (ए-आर्म बोल्ट करायचे पत्रे) सगळ्यात शेवटी, मेन फ्रेम पूर्ण झाल्यावर, आणि भोकात खरा बोल्ट घातलेल्या डमी बारसकट. त्यानंतर परत मापं घ्या आणि खरी मापं कॅडमध्ये टाका. पॉइंट ३ मिलिमीटर सरकला असेल तर सरकला, लपवू नका, सस्पेन्शनवाल्याला सांगा, तो शिम (पातळ चकती) टाकेल.

बोल्टबद्दल. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, बेल्ट इथले बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे हवेत आणि त्यांना पक्कं लॉकिंग हवं, म्हणजे नायलॉक नट, सेफ्टी वायर, कॉटर पिन असलं काहीतरी. लॉकटाइट आणि स्प्रिंग वॉशर यांना टेकवाले लॉकिंग मानत नाहीत. नटाच्या बाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. हे वाचायला सोपं आहे, पण आदल्या रात्री लक्षात येतं की बोल्ट ५ मिलिमीटर आखूड आहे आणि तो बाहेर काढायला इंजिन उतरवावं लागतंय. म्हणून कॅडमध्ये बोल्ट टाकताना पानासुद्धा टाका. खरंच, एक पाना आणि एक हात मॉडेल करून ठेवा आणि तो आत जातो का बघा. आमच्या दुसऱ्या गाडीत एक बोल्ट होता ज्याला फक्त एकाच मुलाची बोटं पोचायची, तो परीक्षेला गेला की काम बंद.

टॉर्क दिल्यावर नट आणि बोल्टवर मिळून एक रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. प्रत्येक रनच्या आधी एकजण नुसत्या रेघा बघत गाडीभोवती फिरेल, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा आटे असलेला फिरता जोड) वाकवू नका. म्हणजे असं डिझाइन करू नका की त्याच्या आट्यांवर वाकवणारा लोड येतो. डिझाइनचे जज गाडीजवळ आले की त्यांची नजर पहिली तिथेच जाते.

वायरिंग, जिथे रात्री जातात

हा भाग लांब आहे कारण आमच्या सगळ्यात जास्त रात्री इथेच गेल्या.

पहिल्या वर्षी इंजिन ७००० आरपीएमच्या वर गेलं की झटके द्यायचं. तीन रात्री आम्ही ईसीयूचा (इंजिनच्या कम्प्युटरचा) मॅप बदलत बसलो, फ्युएल वाढव, इग्निशन मागे घे, स्पार्क प्लग बदल, इंजेक्टर धू. चौथ्या दिवशी एका ज्युनियरने, ज्याला इंजिनमधलं काही कळत नव्हतं, विचारलं की ही दोन वायर एकत्र का बांधल्यात. क्रँक सेन्सरची (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चक्राचे दात मोजणाऱ्या सेन्सरची) वायर आणि इग्निशन कॉइलची वायर, एकाच केबल टायमध्ये, चांगली हातभर लांबी एकमेकींना चिकटून. दिसायला एकदम टापटीप. कॉइलचा प्रत्येक फटका सेन्सरच्या वायरमध्ये उमटत होता, ईसीयूला वाटायचं अजून एक दात गेला आणि त्याचं गणित बिघडायचं. टाय कापला, वायर लांब केल्या, झटके गेले. तो ज्युनियर पुढच्या वर्षी इलेक्ट्रिकलचा लीड झाला, साहजिकच.

तर, सेन्सरच्या वायर शिल्ड असलेल्या घ्या, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा आणि कॉइल, स्टार्टर, फॅन यांच्या वायरपासून लांब न्या. ग्राउंड सगळे एका ठिकाणी आणा, रंगवलेल्या ट्यूबवर रिंग टर्मिनल लावून ग्राउंड मिळाला असं समजू नका, आधी रंग खरवडा. जिथे थरथर आहे तिथे सोल्डर नको, चांगल्या क्रिंपरने क्रिंप करा, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवा, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते. क्रिंप केला की हाताने ओढून बघा, निघाला तर आत्ताच निघू दे.

हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरांचा जुडगा, बनवायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे सुतळी. गाडीवर सगळे भाग लावून झाले की प्रत्येक वायरच्या जागी सुतळी टाका, वळणं घ्या, हाताने स्टिअरिंग फिरवा, सस्पेन्शन हलवा, मग त्या सुतळ्या काढून लांबी मोजा आणि प्लायवूडवर खिळे ठोकून खरी हार्नेस तिथे बांधा. प्रत्येक टोकाला लेबल. आणि ड्रॉइंग कागदावर, गाडीसोबत, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण ज्याच्या लॅपटॉपवर ड्रॉइंग आहे तो कायम झोपलेला असतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना माझा सल्ला फार लांब नाही कारण मी पेट्रोलवाला. एवढंच सांगतो की रेन टेस्टमध्ये गाडीवर १२० सेकंद पाणी मारतात आणि इन्सुलेशन मॉनिटर (करंट कुठे गळतोय का ते बघणारं यंत्र) ट्रिप व्हायला नको, तर ती टेस्ट घरी आधी करा, हाय व्होल्टेज जोडायच्या आधी नुसत्या रिकाम्या डब्यांवर, आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून. कुठे ओला झाला तिथून पाणी येतंय. आणि हाय व्होल्टेजवर एकट्याने कधीही काम करू नका, कितीही घाई असली तरी.

टेस्टिंग म्हणजे फिरवून आणणं नाही

गाडी पहिल्यांदा चालली की सगळे नाचतात, व्हिडिओ काढतात, आणि मग ती परत आत नेऊन रंग द्यायला घेतात. अरे नका ना. ती बाहेरच ठेवा. स्पर्धेच्या आधी किमान दहा एन्ड्युरन्सएवढं, म्हणजे २०० ते २५० किलोमीटर तरी अंतर तिच्या चाकांवर पाहिजे असं मी मानतो. त्यातले पहिले पन्नास किलोमीटर फक्त तुटण्यासाठी असतात.

बंद मोकळी जागा, अग्निशामक दोन, एकजण फक्त किल स्विचवर (गाडी एकदम बंद करणाऱ्या बटणावर) लक्ष ठेवणारा, ड्रायव्हरला पूर्ण सूट, हेल्मेट, ग्लोव्हज, उकडत असलं तरी. मग एक वही. प्रत्येक रनला लिहायचं, कोण चालवत होतं, टायर प्रेशर थंड आणि गरम, किती राउंड, पाण्याचं तापमान, काय बदललं आणि काय तुटलं. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी बदलल्या आणि गाडी वेगवान झाली तर तुम्हाला काही कळलेलं नाही.

आणि एन्ड्युरन्सची रंगीत तालीम. पूर्ण. ११ किलोमीटर, बंद, तीन मिनिटं, दुसरा ड्रायव्हर, गरम इंजिन परत सुरू, अजून ११. हे आम्ही पहिल्या वर्षी एकदाही केलं नव्हतं. कारण ट्रॅकसाठी जागा दोनच तास मिळायची आणि सगळ्यांना फास्ट लॅप हवी असायची. दुसऱ्या ड्रायव्हरची उंची वेगळी असेल तर पेडल, सीटचा फोम, बेल्ट हे सगळं त्या तीन मिनिटांत बसतं का तेही तेव्हाच कळतं. ड्रायव्हर निवडताना कॅप्टन म्हणून, पैसे आणले म्हणून नको, स्टॉपवॉच लावून निवडा, आणि त्यातही जो ट्रॅकवरचे कोन (रबरी शंकू) कमी पाडतो तो. एक कोन पाडला म्हणजे २ सेकंदांचा दंड.

टेक इन्स्पेक्शन आणि ब्रेक टेस्ट

टेक पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही. आधी मेकॅनिकल, मग टिल्ट, नॉइज, ब्रेक. टिल्टला टाक्या भरलेल्या, सगळ्यात उंच ड्रायव्हर आत बसलेला, आणि गाडी ६० अंशांपर्यंत तिरकी करतात, चाक उचललं जायला नको आणि त्याआधी ४५ अंशांना कुठे गळतंय का ते बघतात. कॅच कॅन (उतू आलेलं ऑइल-पाणी धरणारा डबा) आणि टाकीचं झाकण इथे हसे करतात. नॉइजला मर्यादा ११० डेसिबल, आयडलला १०३, सायलेन्सरची लोकर जळून गेली की आवाज वाढतो म्हणून जास्तीची लोकर बरोबर न्या.

ब्रेक टेस्टला चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत. आम्ही यात चार वेळा नापास झालो. मागची दोन लॉक व्हायची, पुढचं डावं फिरत राहायचं. बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा) फिरवला, ब्लीडिंग (ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं) परत केलं, पॅड घासले, काही नाही. मग एकाला गाडीसमोर जमिनीवर झोपवलं आणि ड्रायव्हरला पेडल जोरात दाबायला सांगितलं, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा भाग) ज्या पत्र्यावर बसवलाय तो पत्राच पुढे झुकत होता, सहज दिसेल एवढा. पाय जो जोर लावत होता तो पत्रा वाकवण्यात चालला होता. आणि तो पत्रा कोणाचा? ब्रेकवाला म्हणे चॅसिसचा. एक तिरका गसेट (आधाराचा पत्रा) वेल्ड केला आणि पुढच्याच फेरीत चारही काळे पट्टे उमटले.

पेडल बॉक्सवर घरीच सगळ्यात जड मुलाला पूर्ण ताकदीने दाबायला लावा आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा. जे हलायला नको ते हलताना दिसतं.

टेकला जाताना पुस्तिकेचा चेकलिस्ट स्वतःच आधी भरून न्या, दुसऱ्या टीमच्या कोणाला तरी बोलावून त्याच्याकडून तुमची गाडी तपासून घ्या, तुमचे डोळे आता सरावलेले आहेत. टेकवाल्याशी वाद घालू नका. तो जे म्हणतो ते लिहून घ्या, नियम नंबर विचारा, जाऊन दुरुस्त करा, रांगेत परत लागा.

डिझाइनच्या टेबलावर

जज विचारतात ते "काय आहे" नसतं, "का" असतं. हा ए-आर्म एवढ्याच जाडीचा का? सॉफ्टवेअरमध्ये सेफ्टी फॅक्टर दोन आला, या उत्तरावर विषय संपतच नाही, पुढचा प्रश्न येतो की लोड कुठून घेतलास, मग तो लोड खरा आहे हे कसं तपासलंस. टेस्टिंगची वही इथे उपयोगी पडते. डेटा लॉगरमधून दोन ग्राफ, एक जो आम्ही अंदाज केला होता आणि एक जो प्रत्यक्ष आला, आणि दोघांत फरक का पडला हे प्रामाणिकपणे सांगितलंत तर जज खुश होतात. सगळं बरोबर आलं म्हणणाऱ्यावर ते जास्त तुटून पडतात. आणि ज्याने केलं त्यालाच बोलू द्या, कॅप्टनने मध्ये तोंड घालू नये. कॉस्टचं म्हणाल तर यादी पहिल्या दिवसापासून भरत जा, शेवटच्या आठवड्यात गाडीतले वॉशर मोजत बसणारी टीम मी पाहिलीये, ती आमचीच होती.

जाताना काय ठेवून जायचं

गाडी खोलायच्या आधी पूर्ण फोटो काढा, प्रत्येक कोपरा, झाकणं काढून. जुनी गाडी चालू अवस्थेत ठेवा, नवीन ड्रायव्हर आणि नवीन सेन्सर तिच्यावरच शिकतात, पार्टसाठी तिला ओरबाडू नका, मोह होतोच. प्रत्येक सबसिस्टिमवाल्याने दोन पानं लिहायची, काय केलं हे रिपोर्टमध्ये असतंच, इथे फक्त काय चुकलं आणि परत करायचं तर काय वेगळं करेन. स्पर्धेहून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या, नंतर सगळे जॉबच्या मागे लागतात.

आणि तो चौकोनांचा कागद पुढच्या टीमला देताना जुनी नावं पेन्सिलने खोडा, चौकोन तसेच ठेवा. आमच्या कागदावर फ्युएल आणि एक्झॉस्टच्या चौकोनात अजून जळालेल्या पाइपचा एक तुकडा टेपने चिकटवलेला आहे.